वीज वाहणारं प्लास्टिक आणि कार्बनचा धागा

मोबाइलच्या बॅटरीची गोष्ट प्लास्टिकपासून सुरू झाली, असं मी एम.एस्सी.च्या वर्गात सांगते तेव्हा मुलं लिहायची थांबतात आणि वर बघतात. लिथियम, कोबाल्ट, ग्रॅफाइट ही नावं त्यांच्या कानावरून गेलेली असतात. प्लास्टिक म्हणजे मात्र त्यांच्या लेखी वायरवरचं आवरण, विजेला अडवणारं. पण लिथियम-आयन बॅटरीसाठी २०१९ मध्ये ज्या तिघांना नोबेल मिळालं, त्यांतल्या अकिरा योशिनो यांनी १९८१ मध्ये कामाला सुरुवात केली ती पॉलिॲसिटिलीन नावाच्या वीजवाहक प्लास्टिकपासून. ते अपुरं पडलं तेव्हा त्यांनी हाती घेतला कार्बनचा बारीक तंतू, आणि तिथून पुढे ते आजच्या बॅटरीपर्यंत पोचले.

म्हणजे वीजवाहक पॉलिमर आणि कार्बन फायबर हे दोघं या इतिहासात एकामागून एक आले. एकानं जागा सोडली, दुसऱ्यानं घेतली. आज याच दोघांना एका इलेक्ट्रोडमध्ये एकत्र आणायचं काम जगभर चाललंय. मी अनेक वर्षं पॉलिॲनिलीन नावाचा वीजवाहक पॉलिमर बनवत आलेय, विद्यार्थ्यांकडून बनवून घेतेय, त्यामुळे या विषयात माझा जीव आहे हे आधीच सांगते. या दोघांना एकमेकांची गरज का पडते, आणि या जोडीकडून काय मागावं आणि काय मागू नये, एवढं मला इथे मांडायचंय.

सुरुवात इलेक्ट्रोडपासून करायला हवी. बॅटरीबद्दल बोलताना आपण नेहमी साठवणीबद्दल बोलतो. किती साठतं, किती वेळ पुरतं. पण साठवणीइतकंच इलेक्ट्रोडचं काम वाटा मोकळ्या ठेवण्याचं आहे. चार्जिंग होताना लिथियमचा आयन द्रवातून येतो आणि इलेक्ट्रॉन तारेतून येतो. दोघांची गाठ एकाच कणाशी पडावी लागते. आयनाला द्रवानं भरलेली बारीक छिद्रं हवीत, तर इलेक्ट्रॉनला कुठेही न तुटणारी सलग वाट हवी. यांतली एक वाट उघडी आणि दुसरी बंद असेल, तर त्या कणात काहीच साठत नाही. तो बॅटरीत नुसतं वजन होऊन बसतो.

अडचण अशी की आयन चांगले साठवणारे बरेचसे पदार्थ वीज वाहून नेण्यात कच्चे असतात. आपल्याकडच्या कितीतरी इलेक्ट्रिक गाड्यांमध्ये असलेलं लिथियम आयर्न फॉस्फेट घ्या. तुलनेनं स्वस्त, टिकाऊ, सहजासहजी पेट न घेणारं, पण विजेचं अगदीच मंद वाहक. म्हणून त्याच्या कणांवर कार्बनचा पातळ लेप द्यावा लागतो. शिवाय कारखान्यात इलेक्ट्रोड बनवताना भुकटीत काजळी मिसळतात, सगळं एकत्र धरून ठेवायला पीव्हीडीएफसारखा चिकट पॉलिमर घालतात, आणि तो लगदा धातूच्या पातळ पत्र्यावर फासून वाळवतात. धन बाजूला ॲल्युमिनियमचा पत्रा, ऋण बाजूला तांब्याचा. यातला चिकट पॉलिमर काही साठवत नाही आणि वीजही नेत नाही. पत्र्याचं वजन तर निव्वळ ओझं. मग धरून ठेवणारा पॉलिमरच वीज नेणारा असला, वर थोडं साठवणाराही असला तर? आणि काजळीच्या सुट्या कणांऐवजी, पत्र्याऐवजीही, लांबच लांब अखंड तंतूच वीज वाहत असतील तर? आपला विषय या दोन प्रश्नांतून उभा राहतो.

पहिल्या प्रश्नाची मुळं टोकियोत आहेत. टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत हिदेकी शिराकावा ॲसिटिलीन वायूच्या रेणूंची साखळी कशी गुंफली जाते याचा अभ्यास करत होते. १९६७ मध्ये तिथे आलेल्या एका कोरियन संशोधकानं हा प्रयोग केला आणि त्यात उत्प्रेरक ठरल्यापेक्षा हजारपट पडला. एरवी काळी भुकटी मिळायची. या वेळी द्रावणाच्या पृष्ठभागावर धातूसारखा चमकणारा पापुद्रा धरला. पुढे शिराकावा या पापुद्र्याच्या मागे काही वर्षं लागले. १९७५ मध्ये ॲलन मॅक्डायर्मिड टोकियोत व्याख्यानाला आले. ते मूळचे न्यूझीलंडचे, शिकवायला फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात. त्यांच्याजवळ गंधक आणि नायट्रोजनचा सोनेरी पॉलिमर होता, शिराकावांजवळ चंदेरी. मॅक्डायर्मिडनी शिराकावांना अमेरिकेत बोलावून घेतलं. तिथे भौतिकशास्त्राच्या बाजूनं ॲलन हीगर त्यांना मिळाले. पापुद्र्याला आयोडीनची वाफ दिली आणि त्याची वाहकता एक कोटी पट वाढली. शोधनिबंध १९७७ मध्ये आला, आणि २००० सालचं रसायनशास्त्राचं नोबेल या तिघांना मिळालं.

आयोडीननं नेमकं काय केलं, हे समजून घेतलं की बॅटरीचं अर्धं काम झालं. या पॉलिमरच्या साखळीत कार्बनचे अणू एक आड एक एकेरी आणि दुहेरी बंधांनी जोडलेले असतात. दुहेरी बंधातले इलेक्ट्रॉन सैल असतात, पण सगळ्या जागा भरलेल्या असल्यानं त्यांना हलता येत नाही. आयोडीन साखळीतून एखादा इलेक्ट्रॉन ओढून घेतं. जागा रिकामी होते आणि ती रिकामी जागा साखळीभर सरकू लागते. इलेक्ट्रॉन घेऊन ऋण झालेलं आयोडीन साखळीच्या शेजारी बसून राहतं. आता हाच इलेक्ट्रॉन आयोडीनऐवजी विजेनं काढला तर? द्रवातला एखादा ऋण आयन येऊन साखळीशेजारी बसेल. इलेक्ट्रॉन परत दिला की तो आयन उठून द्रवात जाईल. हेच चार्ज होणं आणि हेच डिस्चार्ज होणं. वीजवाहक पॉलिमर मुळातच बॅटरीचा इलेक्ट्रोड असतो. मॅक्डायर्मिड आणि हीगर यांच्या गटानं ते लगेच ओळखलं आणि १९८१ च्या सुमाराला पॉलिॲसिटिलीनच्या पुन्हा चार्ज होणाऱ्या बॅटऱ्यांवर निबंध लिहिले.

त्याच वर्षी असाही कासेई या जपानी कंपनीत योशिनो यांनी पॉलिॲसिटिलीन हातात घेतलं. त्यांनी ते ऋण बाजूला वापरायचं ठरवलं, कारण ते लिथियमचे आयनही सामावून घेऊ शकतं. ऋण बाजूला शुद्ध लिथियम धातू ठेवला की आगीचा धोका, तो यानं टळणार होता. पण मग लिथियम आणायचं कुठून? धन बाजूच्या पदार्थातच ते आधीपासून असायला हवं, आणि असा पदार्थ त्यांना सापडत नव्हता. १९८२ सरता सरता, वर्षअखेरची साफसफाई आटोपल्यावर, वाचायचे राहून गेलेले निबंध त्यांनी काढले. त्यांत जॉन गुडइनफ आणि सहकाऱ्यांचा लिथियम कोबाल्ट ऑक्साइडवरचा १९८० चा निबंध होता. १९८३ मध्ये योशिनोंनी एका बाजूला ते ऑक्साइड आणि दुसऱ्या बाजूला पॉलिॲसिटिलीन अशी जोडी लावली. बॅटरी चालली.

चालली, पण बाजारात नेण्याजोगी नव्हती. पॉलिॲसिटिलीनची घनता पाण्यापेक्षा जेमतेम जास्त, १.२ च्या आसपास. त्यामुळे बॅटरी हलकी झाली, पण लहान होईना. हातात धरायच्या कॅमेऱ्यासाठी तर आकारच लहान हवा होता. शिवाय पॉलिॲसिटिलीन हवेत आणि उष्णतेत टिकत नाही. योशिनोंना तशाच सैल इलेक्ट्रॉनांचा, पण जास्त दाट पदार्थ हवा होता. असा पदार्थ म्हणजे कार्बन, घनता २ च्या वर. मात्र कोणताही कार्बन चालेना. त्यांच्याच कंपनीच्या नोबेओका इथल्या प्रयोगशाळेत वायूतून वाढवलेले कार्बनचे अतिशय बारीक तंतू तयार होत होते. त्यांचा नमुना मागवला, आणि तो चालला. पुढे तशाच अंतर्रचनेचा पण सहज मिळणारा पेट्रोलियम कोक त्यांनी शोधला. १९८५ मध्ये पेटंटसाठी अर्ज झाला, १९८६ मध्ये बॅटरीवर लोखंडाचा ठोकळा टाकून ती पेटत नाही याची खात्री करून घेतली, आणि १९९१ मध्ये सोनीनं लिथियम-आयन बॅटरी विकायला काढली.

या सगळ्यात पॉलिमर हरला असं पाठ्यपुस्तकं सुचवतात. मला ते पटत नाही. पॉलिमर नसता तर ऋण बाजूला सैल इलेक्ट्रॉनांचा पदार्थ ठेवायची कल्पना योशिनोंना तिथे आणि तेव्हा सुचली नसती. आणि पॉलिमर बाजारातून पुरता गेलाही नव्हता. ब्रिजस्टोन आणि सेको या जपानी कंपन्यांनी १९८७ मध्ये पॉलिॲनिलीनची बटणाएवढी, पुन्हा चार्ज होणारी बॅटरी विक्रीला आणली होती. ती फार काळ टिकली नाही. त्याची कारणं पुढे येतीलच, पण आधी हे पॉलिॲनिलीन.

वीजवाहक पॉलिमरांमध्ये मला सगळ्यांत जवळचं वाटतं ते हेच. स्वस्त आहे, हवेला घाबरत नाही, पाण्यात बनतं. ॲनिलीनची बाटली ठेवून दिली की आतला द्रव तपकिरी होत जातो, म्हणून आधी त्याचं ऊर्ध्वपातन करून तो बिनरंगी करून घ्यायचा. ॲनिलीन विषारी, कातडीतूनही अंगात शिरतं. त्यामुळे हातमोज्यांशिवाय आणि धूर ओढणाऱ्या कपाटाबाहेर बाटली उघडू देत नाही मी. ते हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये विरघळवून बीकर बर्फात ठेवायचा, तापमान ० ते ५ अंशांत, आणि अमोनियम परसल्फेटचं द्रावण थेंबाथेंबानं सोडायचं. थोडा वेळ काहीच घडत नाही. मग फिकट निळसर झाक येते, ती दाटत जाते आणि बघता बघता सगळा बीकर गडद हिरवा होतो. गाळून, धुऊन, वाळवून जी हिरवी भुकटी मिळते, तिची वडी दाबून मल्टिमीटर लावला की काटा हलतो. तीच भुकटी अमोनियाच्या पाण्यात टाकली की निळी होते आणि वाहकता जाते. पुन्हा ॲसिडमध्ये टाकली की हिरवी, पुन्हा वाहक. आयन शेजारी बसणं आणि उठून जाणं म्हणजे काय, हे फळ्यावर कितीही समजावलं तरी कळतं ते या दोन रंगांमधून.

ॲनिलीनपासून असा रंगीत थर मिळतो हे जुनंच आहे. १८६२ मध्ये लंडनमध्ये हेन्री लेथबी यांनी ॲनिलीनच्या आम्लयुक्त द्रावणातून वीज सोडून प्लॅटिनमच्या पत्र्यावर निळसर हिरवा थर मिळवला होता. तो काळ ॲनिलीनच्या रंगांचा होता. या थरातून वीज जाते याकडे वळायला पुढे शंभरेक वर्षं गेली.

आता मुख्य आकडा. हिरव्या पॉलिॲनिलीनच्या साध्या वडीपेक्षा कार्बन फायबर वीज साधारण शंभरपट चांगली नेतो. आणि तांबं कार्बन फायबरपेक्षा साधारण हजारपट चांगली नेतं. या दोन आकड्यांत सगळा मुद्दा आहे. पॉलिमरमधून वीज काही मायक्रॉन अंतर सहज जाईल, पण सेंटिमीटरभर न्यायची म्हटली तर वाटेतच दमछाक होईल. म्हणून पॉलिमर पातळ थरातच ठेवायचा आणि त्याच्या अगदी लगत, काही मायक्रॉनवर, वीज लांब नेणारा तंतू द्यायचा. आयनांशी देवघेव पॉलिमरनं करायची, दूरची वाहतूक तंतूनं. तांब्याचा पत्रा वाहकतेत कितीही वरचढ असला तरी त्यावर दिलेल्या पातळ थराला जागा मिळते ती फक्त त्याच्या दोन बाजूंची. तंतूंच्या कापडात मात्र प्रत्येक तंतूची सगळी गोलाई मिळते. आणि आम्लात तांबं गंजतं, कार्बन गंजत नाही. पॉलिॲनिलीनला आम्ल लागतंच, त्यामुळे ही गोष्ट किरकोळ नाही.

कार्बन फायबर बहुतेक वेळा पॉलिॲक्रिलोनायट्राइलपासून बनतो. ॲक्रिलिकच्या स्वेटरमध्ये असतं ते याच कुळातलं. त्याचे धागे आधी हवेत २०० ते ३०० अंशांवर, ताण देऊन, सावकाश तापवतात. त्यानं साखळ्या एकमेकींना बांधल्या जातात आणि धागा वितळायचा थांबतो. मग नायट्रोजनमध्ये हजार अंशांच्या वर नेतात. कार्बन सोडून जवळजवळ सगळं उडून जातं. उरतो तो ५ ते ७ मायक्रॉन जाडीचा, पोलादाला मागे टाकणाऱ्या ताकदीचा काळा तंतू. घनता १.८ च्या आसपास, म्हणजे ॲल्युमिनियमपेक्षाही हलका. अशा हजारो तंतूंचा एक पेड होतो आणि पेडांचं कापड विणतात.

माझं लहानपण इचलकरंजीत गेलं, त्यामुळे कार्बनचं कापड पहिल्यांदा हातात आलं तेव्हा मी आधी त्याची वीण बघितली. साधीच वीण होती, उभा-आडवा एक आड एक. आणि बाटलीत भरून आलेल्या रसायनांच्या जगात मला एक ओळखीची गोष्ट भेटली, ती म्हणजे सायझिंग. मागावर चढवायच्या आधी सुताला खळ लावतात, नाहीतर धागा घासून तुटतो. कार्बनच्या तंतूलाही तसंच सायझिंग असतं, फक्त स्टार्चऐवजी बहुधा इपॉक्सीचं. विणणाऱ्याला ते हवं असतं, पण आम्हाला ते काढावं लागतं. तो थर वीज अडवतो आणि पॉलिमरला तंतूला चिकटू देत नाही. म्हणून कापडाचे तुकडे ॲसिटोनमध्ये भिजवून धुवायचे, किंवा भट्टीत तापवून सायझिंग जाळायचं. एवढ्यानं भागत नाही. स्वच्छ कार्बनवर पाण्याचा थेंब ठेवला तर तो गोल राहून घरंगळतो, मग ॲनिलीनचं आम्लयुक्त पाणी तंतूंच्या आत शिरणार कसं? नायट्रिक ॲसिडमध्ये गरम केलं की पृष्ठभागावर ऑक्सिजनचे गट धरतात आणि तोच थेंब लगेच कापडात जिरतो. पुढचं सगळं यावर अवलंबून असतं, आणि निबंधांत हे अर्ध्या ओळीत उरकलेलं असतं.

मग ते कापड त्याच हिरव्या होणाऱ्या बीकरमध्ये लटकवायचं, नाहीतर विजेच्या साहाय्यानं त्यावर पॉलिमर चढवायचा. सावकाश चढवला तर प्रत्येक तंतूभोवती एकसारखा थर येतो. परसल्फेट भराभर ओतलं तर तंतू उघडे राहतात आणि पॉलिमरचे गोळे बीकरच्या तळाशी बसतात. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या फोटोत हा फरक पाहिला की विद्यार्थी पुढच्या वेळी आपोआप धीरानं घेतात.

तंतूचा दुसरा उपयोग वीज नेण्याइतकाच मोठा आहे. आयन आत येताना पॉलिमर फुगतो, जाताना आकसतो. प्रत्येक चार्जिंगला हे होतं. नुसत्या पॉलिमरचा थर शेकडो वेळा असा हलला की त्याला भेगा पडतात, तुकडे सुटतात, आणि सुटलेल्या तुकड्यापर्यंत इलेक्ट्रॉन पोचत नाही. मातीच्या भिंतीत काड घालतात ते याचसाठी. माती वाळताना आकसते आणि काड तिला फाटू देत नाही. कार्बनचा तंतू पॉलिमरला तसाच धरून ठेवतो. फरक इतकाच की या काडातून वीजही जाते.

आता उणिवा. त्या स्पष्ट सांगितल्या नाहीत तर या विषयावर अन्याय होईल. पॉलिॲनिलीनमध्ये येऊन बसणारे ऋण आयन द्रवातूनच यावे लागतात, म्हणून जितकी साठवण हवी तितका द्रव बरोबर न्यावा लागतो. तो जड असतो. आम्लता कमी झाली की पॉलिॲनिलीनची वाहकता जाते. त्यावर उपाय म्हणून साखळीलाच आम्लाचे गट जोडतात, पण त्यानं तिचं वजन वाढतं. जास्त व्होल्टेज दिलं तर साखळी तुटून बेंझोक्विनोन होतं आणि ते परत जोडलं जात नाही. चार्ज करून ठेवलेला पॉलिमर नुसत्या पडून राहण्यानंही हळूहळू रिकामा होतो. आणि घनतेचा जो प्रश्न योशिनोंना १९८३ मध्ये पडला, तो आजही तसाच आहे. पॉलिॲनिलीन ग्रॅमला साधारण १०० ते १५० मिलिअँपिअर-तास साठवतं. ग्रॅममागे हा आकडा लिथियम कोबाल्ट ऑक्साइडच्या जवळपास जातो, पण ते ऑक्साइड जवळजवळ चौपट दाट. त्याच डबीत किती मावेल याचा हिशेब केला की पॉलिमर मागे पडतो.

तंतूच्या बाजूची उणीव अधिक लपून राहते. कार्बनच्या कापडाच्या एका चौरस सेंटिमीटरचं वजन सहज १२ मिलिग्रॅम भरतं. त्यावर पॉलिमर चढवलेला असतो १ मिलिग्रॅम. निबंधात फक्त पॉलिमरच्या वजनानं भागून ग्रॅमला १०० मिलिअँपिअर-तास असं लिहितात. कापडासकट १३ मिलिग्रॅमनं भागलं तर तोच आकडा आठच्याही खाली येतो. कापडानं धातूच्या पत्र्याची जागा घेतली म्हणून थोडी सूट मिळेल, पण एवढी नाही. माझ्या विद्यार्थ्यांना मी दोन्ही आकडे लिहायला लावते. दुसरा लिहिताना त्यांचा चेहरा पडतो, पण तो लिहिल्याशिवाय वहीवर माझी सही होत नाही.

मग हे सगळं करायचं कशाला? कारण काही जागा अशा आहेत जिथे या जोडीला तोड नाही. सिलिकॉन ही त्यांतली पहिली. ग्रॅफाइट ग्रॅमला ३७२ मिलिअँपिअर-तास साठवतं, सिलिकॉन त्याच्या जवळजवळ दहापट. पण लिथियम घेताना सिलिकॉन फुगून तिप्पट-चौपट होतं आणि स्वतःचाच चुरा करतं. इथे साठवणाऱ्या पॉलिमरची गरज नाही. फुगणाऱ्या कणाला लवचीकपणे धरून ठेवणारा आणि वीज न तुटू देणारा पॉलिमर हवा. २०१३ मध्ये स्टॅनफर्डच्या झेनान बाओ आणि यी चुई यांच्या गटांनी सिलिकॉनच्या अतिसूक्ष्म कणांभोवती पॉलिॲनिलीनचं जेल जागच्या जागी बनवलं. साखळ्या एकमेकींना बांधायला त्यांनी फायटिक ॲसिड वापरलं, धान्याच्या कोंड्यात आणि कडधान्यांत असतं तेच. तो इलेक्ट्रोड ५००० वेळा चार्ज-डिस्चार्ज होऊनही ९० टक्क्यांवर टिकला. मला हे काम फार आवडतं, कारण त्यात पॉलिमरकडून त्याला जमेल तेच मागितलंय.

दुसरी जागा पाण्यावर चालणाऱ्या जस्ताच्या बॅटऱ्यांची. पेटण्याचा धोका नाही, जस्त स्वस्त आणि भरपूर. धन बाजूला कार्बनच्या कापडावर चढवलेलं पॉलिॲनिलीन. वजनाची फिकीर नसलेल्या, एका जागी राहणाऱ्या साठवणीसाठी हा रस्ता मला आशादायक वाटतो. सुपरकपॅसिटर म्हणजे क्षणात भरणारी आणि क्षणात देणारी साठवण, ती तिसरी. त्यात पॉलिॲनिलीन आणि पॉलिपायरॉल या वीजवाहक पॉलिमरांच्या पातळ थरांवर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात सी. डी. लोखंडे यांच्या गटानं दीर्घकाळ काम केलंय. महागडी निर्वात यंत्रं न वापरता, साध्या बीकरमध्ये बुडवून-धुऊन थर चढवायच्या त्यांच्या पद्धतींवर आमच्या भागातली कितीतरी मुलं संशोधक झाली.

आणि चौथी जागा अशी, जिथे तंतूचं वजन ओझं राहतच नाही. स्वीडनच्या चाल्मर्स विद्यापीठात लाइफ आस्प यांचा गट अशी बॅटरी बनवतोय जी स्वतःच गाडीच्या किंवा विमानाच्या सांगाड्याचा भाग असेल. तिच्यात ऋण इलेक्ट्रोड म्हणजे कार्बन फायबरच, तोच लिथियम साठवतो आणि तोच भार पेलतो. धन बाजूलाही कार्बन फायबर, त्यावर लिथियम आयर्न फॉस्फेटचा लेप. २०२१ मध्ये त्यांनी किलोला २४ वॅट-तास आणि २५ गिगापास्कल ताठपणा गाठला होता. २०२४ मध्ये ते ३० वॅट-तास आणि ७० गिगापास्कलवर पोचले. हा ताठपणा ॲल्युमिनियमच्या बरोबरीचा. तुमच्या मोबाइलमधली बॅटरी किलोला २०० च्या वर वॅट-तास देते, त्यापुढे ३० फार थोडे. पण सांगाडा तर गाडीला लागणारच होता, मग त्यात साठलेली वीज वजनाच्या हिशेबात जवळजवळ फुकटात पडते.

माझं मत सरळ आहे. पॉलिमर आणि कार्बन फायबरची ही जोडी उद्या तुमच्या गाडीतली लिथियम बॅटरी हटवणार नाही, आणि तसं सांगणाऱ्या बातमीवर विश्वास ठेवू नका. अशी बातमी वाचली की एवढं बघा: क्षमता कुणाच्या वजनानं भागलीय, नुसत्या लेपाच्या की सगळ्या इलेक्ट्रोडच्या. एका चौरस सेंटिमीटरवर किती मिलिग्रॅम होतं. गाडीच्या बॅटरीत ते दहा-वीस मिलिग्रॅम असतं, प्रयोगशाळेत पुष्कळदा एकच. ही माहिती नसेल तर त्या बातमीपायी कुठल्याही कंपनीचे शेअर घेऊ नका.

आणि एक विनंती आमच्या भागातल्या कॉलेजांना. इलेक्ट्रोडचं हे काम अर्धं रसायनाचं आणि अर्धं कापडाचं आहे. सायझिंग कसं उतरवायचं, किती दाट विणावं म्हणजे द्रव आत शिरेल, ताण कुठे द्यायचा, हे आमच्या रसायनाच्या मुलांना कुणी शिकवत नाही. इचलकरंजीत ते रोजचं ज्ञान आहे, आणि वस्त्रोद्योगाचं शिक्षण देणाऱ्या संस्थाही तिथे आहेत. एम.एस्सी.च्या एका प्रकल्पावर रसायनाचा एक आणि टेक्स्टाइलचा एक असे दोन विद्यार्थी बसवायला नवी इमारत लागत नाही, दोन विभागप्रमुखांची सही पुरते. येत्या जूनपासून करून बघा.